हॅलोबाईंचा उजवा कान

हॅलोबाईंचं खरं नाव इमारतीत फारसं कुणाला ठाऊक नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली आणि निवृत्तीनंतरही दार उघडताना तोंडून आधी 'हॅलो' निघतं, म्हणून हॅलोबाई. हेडफोन कायम उजव्या कानाला. समोरचा नुसता खोकला तरी त्या माणूस ओळखायच्या. 'हेडफोनचा कान आधी जातो गं,' असं बरोबरीच्या बायका म्हणायच्या, तर हॅलोबाई ठसक्यात सांगायच्या, "तुमचा जाईल. माझा शाबूत आहे." रूपाचा नाही, स्वयंपाकाचा नाही, अभिमान काय तो त्या कानाचा.

यजमान नकाशे काढणारे, ड्राफ्ट्समन. त्यांचा संगणक इतका जुना, की दुकानदारानं सरळ हात जोडले, "काका, भंगारात द्या." ते ऐकतील तर शपथ! त्यांनी त्यावर लिनक्स ही जुन्या यंत्राला पेलणारी हलकी प्रणाली चढवली आणि म्हातारा घोडा पुन्हा चालायला लागला. अधूनमधून अडतो, पण काकांना तेच आवडतं. जेवण गार होईल, बायको गरम होईल, पण बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय गडी उठायचा नाही.

दुपारी दोघं त्या संगणकावर काही ना काही ऐकत बसतात. भिंतीपलीकडे शेजारणीचं तान्हं बाळ झोपलेलं असतं, म्हणून स्पीकर बंद. एकच इअरफोन, डावं बोंडूक काकांच्या कानात, उजवं हॅलोबाईंच्या. वायर आखूड, त्यामुळे खांद्याला खांदा. "या वयात शोभतं का?" असं त्या म्हणतात, आणि खुर्ची आणखी जवळ ओढतात.

त्या दुपारी लेकीचं श्राव्यनाटक ऐकायचं होतं. दूरच्या गावी नोकरी सांभाळून तिनं पहिल्यांदाच काम केलं होतं, तेही म्हातारीचं. काकांनी आधीच सुरू करून पाहिलं, तर सुरुवातीचं संगीत कानात दणाणलं, टेबलावरच्या दुसऱ्या बोंडकातून स्वयंपाकघरापर्यंत पोचलं. स्वयंपाकघरातून हॅलोबाई ओरडल्या, "ते आधी कमी करा हो! माझ्या कानाचे पडदे फाडाल." थोड्या वेळानं हात पुसत त्या येऊन बसल्या. बोंडूक कानात घातलं.

काहीच नाही. साधी खरखरही नाही.

शेजारी काका पुढे झुकून मन लावून ऐकत होते. म्हणजे नाटक चालू होतं. हॅलोबाईंनी बोंडूक काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. तरी शांतता.

"येतंय ना नीट?" काकांनी विचारलं.

"येतंय की," त्या म्हणाल्या. मग शेवटपर्यंत काकांच्या चेहऱ्याकडे पाहून त्या हसल्या, काका गंभीर झाले की गंभीर झाल्या. संपल्यावर "छान झालं" असंही म्हणाल्या.

पुढचे काही दिवस घराची तऱ्हाच बदलली. फोन डाव्या कानाला जाऊ लागला. भाजीवाला दोनदा बोलणी खाऊन गेला. एकदा त्या भिंतीवरच्या घड्याळाजवळ उभ्या राहिल्या. डाव्या कानात बोट घालून टिकटिक ऐकायची, की लागला निकाल. पण बोट काही वर उचललं नाही. निकाल वाईट लागला तर? त्यापेक्षा न लागलेला बरा.

मग लेकीचाच फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, खरं सांग, म्हातारी कशी झाली?"

"छान गं बाई."

"आणि बाबा, तुम्हाला कशी वाटली?"

"म्हातारी?" काका गोंधळले. "कुठली म्हातारी?"

"बाबा! मी!"

"अगं, त्यात तर एक म्हातारा एकटाच बडबडत होता. मध्येच लांबलचक गप्प बसायचा. मला वाटलं, हल्लीची नाटकं असतील अशी. न समजलेलं कशाला सांगा?"

"तो डावीकडून बोलतो, मी उजवीकडून! समोरासमोर बसलेत दोघं! आणि आई, तू मग काय ऐकलंस?"

जन्मभर दुसऱ्याची लाइन जोडून देणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य जोडता येईना. शेवटी पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "काहीच नाही. माझा कान गेलाय."

काकांनी बायकोचा हात धरून तिला संगणकापुढे बसवलं आणि उजवं बोंडूक स्वतःच्या कानात घातलं. ध्वनीच्या सेटिंगमध्ये चाचणीची दोन बटणं असतात. डावं दाबलं, तर टेबलावर पडलेल्या बोंडकातून बारीक आवाज आला. उजवं दाबलं. पुन्हा दाबलं.

"अगं, मलाही नाही येत!"

"म्हणजे तुमचाही गेला?"

"दोघांचे एकदम जायला कान म्हणजे काय जोडीनं आलेले पाहुणे आहेत?" असं म्हणत त्यांनी इअरफोन उपसला, फोनला लावला आणि तेच बोंडूक तिच्या उजव्या कानात सरकवलं.

"आई? आई, बोल ना गं!" लेकीचा आवाज थेट मेंदूत उतरला. मागे कुकरची शिट्टी झाली तीसुद्धा.

"हॅलो," हॅलोबाई म्हणाल्या, आणि बोंडूक बोटानं कानात आणखी आत दाबलं.

काकांनी तोवर पडद्यावर आवाज कमीजास्त करायची काळी खिडकी उघडली होती. त्यात दोन खांब शेजारी शेजारी, डावा काठोकाठ भरलेला, उजवा जमिनीला टेकलेला. काका कीबोर्डकडे बघत राहिले आणि हळूच हसले.

"मीच गं. एक्स दाबला की दोन्हीकडचा आवाज उतरतो. चष्मा नव्हता, बोट शेजारच्या सीवर पडलं, आणि सी फक्त उजवीकडचा उतरवतो. माझ्या कानात डावं बोंडूक, तिथं काही कमी होईना, म्हणून मी आपला दाबतच राहिलो. शेवटी म्हटलं, राहू दे."

"आणि मी इथं कानावर पाणी सोडून बसले! होत नाही कमी, असं सांगायचं तरी!"

"तू तरी ऐकू येत नाही म्हणून सांगायचंस."

फोनमध्ये लेक हसून हसून बेजार झाली होती. फोन ठेवल्यावर काकांनी इअरफोन परत संगणकाला जोडला, दोन्ही खांब समान केले आणि नाटक पुन्हा लावलं. या खेपेला हॅलोबाईंनी डोळे मिटून घेतले. उजवीकडून म्हातारी बोलायला लागली, तशी काकांच्या खांद्यावर टेकलेली त्यांची मान सावकाश ताठ झाली. संपल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला.

"नाटकात नवऱ्यावर रागावतेस ना, तिथं प्रत्येक वाक्याआधी तुझा श्वास ऐकू येतो. आणि सुरुवातीला म्हातारी वाटतेस, मध्यावर तरुण होतेस. खोकलाही खोटा आहे."

"आई, त्या दिवशी तर छान म्हणालीस."

"त्या दिवशी ऐकलं कुठं होतं?"

"बरं, मग खोकायचं कसं?"

हॅलोबाईंनी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि वेगवेगळ्या माणसांचे खोकले करून दाखवायला सुरुवात केली. भिंतीपलीकडचं बाळ उठलं.