वेशीखालून पहिली खेप

परवेझ मुलाणी ट्रॅक्टर चालवतो. निदान त्या सकाळपर्यंत चालवत होता.

त्याने त्या सकाळी जे केलं ते मी दोन हातांवरून पाहिलं. तरी मला ते नीट कळलेलं नाही. मराठी घेऊन एम.ए. झालो. माणसं कशी वागतात यावर पानंच्या पानं लिहिली. परवेझ त्यातल्या कुठल्याच पानावर बसत नाही.

आमचं गाव देवळाली प्रवराच्या उसाच्या पट्ट्यात आहे. गावाला कधीकाळी तट होता म्हणतात. आता एक वेस उरली आहे. काळ्या दगडाची, वर कमान, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांना बसायच्या देवड्या. एका देवडीत झुंबरबाई कोथिंबीर आणि मेथी घेऊन बसते. दुसरीत निवडणुकीचे जुने फ्लेक्स पडलेले असायचे.

पोळ्याला या वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. बाहेर बैल उभे राहतात. मानाचा बैल तोरणाखालून आत आला की पोळा फुटला. बैलाचा मान पाटलांचा. तोरण बांधायचा मान मुलाण्यांचा. का, ते कुणी सांगू शकत नाही. आधी परवेझचे वडील अजीजचाचा शिडीवर चढायचे. ते गेल्यापासून परवेझ चढतो. खालून सगळं गाव त्याला शिकवत असतं. डावीकडं घे. खाली लोंबतंय. आरं मुलाण्या, झोप लागली का वर?

तो वरून म्हणतो, "गपा रं. वर्षातनं एकदा तुमच्या डोक्यावर बसतो, बसू द्या."

परवेझ काटकुळा. चाळिशीच्या अलीकडे. डोक्याला रुमाल, खिशात बडीशेप. मी नगरहून शिकून आलो तेव्हापासून मला पदवीधर म्हणतो. "काय पदवीधर, आज कविता का भाकरी?" त्याचं गावात शेत नाही. ट्रॅक्टर अजिनाथतात्यांचा. एकदा देवडीच्या पायरीवर बसून तो मला म्हणाला होता, "ट्रॅक्टर तात्यांचा. ट्रॉल्या तात्यांच्या. ऊस ज्याचा त्याचा. तोरण तेवढं माझं."

एवढंच म्हणाला आणि बडीशेप पुढे केली.

वेस पाडायची गोष्ट अजिनाथतात्यांनी काढली. तात्या वाईट माणूस नाही. गावातला निम्मा ऊस वेशीच्या आतल्या बाजूला आहे आणि कारखान्याचा रस्ता बाहेरच्या बाजूला. डबल ट्रॉली वेशीतून जात नाही. मग शेजारच्या गावावरून वळसा. डिझेल जातं, वेळ जातो, कारखान्यावर नंबर मागे पडतो, ऊस वाळतो. तात्यांनी ग्रामसभेत सरळ मांडलं. "दगडं जपायची का माणसं?" बऱ्याच जणांनी माना हलवल्या.

आम्ही काही जण उठलो. परवेझ सगळ्यांत आधी. तेव्हापासून दर रविवारी आम्ही वेशीवर जमायचो. कमानीतली पिंपळाची रोपं मुळासकट काढली. देवडीतले फ्लेक्स काढले. मग खालच्या रस्त्याकडे लक्ष गेलं. ग्रामपंचायतीने दर काही वर्षांनी जुन्या काँक्रीटवर नवं काँक्रीट ओतलं होतं. थरावर थर. वेस बुटकी नव्हती. आम्हीच तिच्या गळ्यापर्यंत रस्ता आणला होता. ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन ते फोडलं. खाली जुनी फरसबंदी लागली. हात-सव्वा हात जागा मोकळी झाली. ज्यांनी माना हलवल्या होत्या त्यांच्यातलेही काही टिकाव घेऊन आले.

तात्या बघायला आले. कमानीकडे पाहिलं. जीभ गालात फिरवली.

"दिसायला ब्येस झालं. पण डबल ट्रॉली भरून जाती का, ते दाखवा."

त्यावर पुढची ग्रामसभा झाली आणि तिथे ठरलं. हंगामाची पहिली खेप वेशीतून न्यायची. डबल ट्रॉली, पूर्ण भरलेली. दगडाला न लागता पार झाली तर वेस राहील. लागली तर त्याच आठवड्यात जेसीबी.

"चालवणार कोण?" कुणीतरी विचारलं.

"परवेझ," तात्या म्हणाले. "ड्रायव्हर माझा, म्होरक्या तुमचा. आणखी कोन पायजे?"

कुणालाच आणखी कोण नको होतं. मी परवेझकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

हंगामाच्या पहिल्या सकाळी सगळं गाव वेशीत. फडातून ट्रॅक्टर आला तो आवाजावरूनच जड वाटला. मागे दोन ट्रॉल्या, मोळ्यांनी काठोकाठ. त्याच्या मागे सुनीलचा ट्रॅक्टर, तोही भरलेला. पहिली खेप वेशीतून गेली की सुनीलने त्याच वाटेने यायचं होतं. त्याच्या मागे बाकीचे.

ट्रॅक्टरला हार घातला. नारळ फुटला. तात्यांनी इंजिनाला हळद-कुंकू लावलं. ऊसतोड टोळीतल्या बायकांनी दरवर्षीप्रमाणे पुढच्या ट्रॉलीच्या कोपऱ्यांना पाल्यासकट ऊस उभे बांधले होते. पहिल्या खेपेला ते बांधतातच. आम्ही आदल्या दिवशी टेप घेऊन मोळ्यांची उंची मोजली होती, रुंदी मोजली होती. हे उभे ऊस कुणाच्या डोक्यातच आले नव्हते.

परवेझने गिअर टाकला. ट्रॅक्टर मुंगीच्या चालीने कमानीखाली शिरला.  सगळ्यांच्या माना वर.

पाला कमानीला घासला. सर्रर्र.

"लागली!" तात्यांच्या बाजूचे ओरडले. "लागली, लागली!"

"पाला लागला! ट्रॉली न्हाई!"

"लागनं म्हंजी लागनं!"

"आरं ते नटवायचं बांधलंय, ऊस हाय का तो?"

परवेझने ब्रेक दाबून धरला होता. तो वर बघत नव्हता. त्याची नजर आरशात होती.  एका पाल्यावर सगळं जाणार असं वाटलं.

झुंबरबाई देवडीतून उठली. "पाला लागला म्हून वेस पाडता व्हय रं? माझा पदर रोज लागतो हितं. मलाबी पाडा."

लोक हसले. तात्याही हसले. कपाळावर हात मारून म्हणाले, "जाऊ द्या. पाला धरायचा न्हाई. हाक रं परवेझ."

ट्रॅक्टर पुन्हा हलला. पहिली ट्रॉली कमानीखालून निघाली. आम्ही सगळे मोळ्या आणि दगड यांच्यातली ती चिमूटभर फट बघत होतो. दुसरी ट्रॉली आत शिरली. फट तशीच. निम्मी गेली. पाऊण गेली. पार झाली.

आवाज फुटला. कुणी गुलाल उडवला, कुणी मला उचललं. ढोल कुठून आला माहीत नाही. तात्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि शेजारच्याला म्हणाले, "घेतली लेकानं काढून." त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोडं कौतुकच होतं. आपला ड्रायव्हर म्हणून.

वेस वाचली होती.

परवेझने इंजिन बंद केलं. खाली उतरला. मला वाटलं तो आमच्यात येईल. तो आला नाही. गुलालातून वाट काढत वेशीकडे परत गेला आणि डाव्या बाजूला उकिडवा बसला. मी त्याच्या मागे गेलो.

कमानीच्या पायथ्याशी, गुडघ्याच्या उंचीला, काळ्या दगडावर पांढरा ताजा ओरखडा होता. त्यात ट्रॉलीचा निळा रंग. दगड किंचित आत सरकला होता. त्याच्या सांध्यातून चुन्याची भुकटी हळूहळू खाली गळत होती. आम्ही सगळे वर बघत होतो तेव्हा मागच्या ट्रॉलीचा लोखंडी कोपरा खाली लागला होता.

मी त्याचा दंड धरला. "कुणी पाहिलं नाहीये," मी हळूच म्हणालो.

त्याने भुकटीखाली बोट धरलं. "मला हांडलला कळलं. जरा अडकल्यावानी झालं."

"परवेझ, गप्प बस. ठरलंय काय ते आठव."

"मागं सुनील हाय," तो म्हणाला. "त्याच्या मागं अख्खा हंगाम. हा दगड आज सरकला. शाळेची पोरं ह्याच्याखालनं जात्यात."

तो उठला. मी दंड सोडला नव्हता. त्याने तो सोडवून घेतला.

"तात्या," त्याने हाक मारली. ढोल वाजत होता. त्याने पुन्हा हाक मारली. "तात्या, लागली."

ढोल थांबायला वेळ लागला. 

"काय?"

"लागली. खाली. हितं या."

तात्या आले, वाकले, दगडाला हात लावला. मग ट्रॉलीकडे गेले. मागचा कोपरा चेपला होता. ते परत आले तोवर आमचीच पोरं परवेझवर तुटून पडली होती. कुणी म्हणालं, "ह्याला वेड लागलंय." कुणी म्हणालं, "विकला गेला तात्यांना."  तो रुमाल काढून हातावरची भुकटी पुसत राहिला. 

"मग?" तात्या म्हणाले. "शब्द काय ठरला होता?"

"ठावं हाय."

"पाडायची?"

"तुमी पाडा. शब्द दिलाय, मी आडवा यायचो न्हाई." मग त्याने कालव्याकडे हात केला. "पर एक इचारू? कालव्याच्या कडनं सरळ सडक लागती. मधी फकस्त तुमचा बांध हाय."

मागे कुणीतरी जोरात हसलं आणि लगेच गप्प झालं. त्या बांधाचं सगळ्यांना माहीत होतं. तो रुंद केला तर वळसा नको, वेस पाडायला नको. पण तात्यांसमोर आजवर कुणी तो विषय काढला नव्हता. त्यांची उसाची एक सरी त्यात गेली असती.

"माझ्या ट्रॅक्टरवर बसून माझाच बांध मागतोस?"

"आता खाली उतरलोय, तात्या."

"लई बोलाय लागला."

"लागली न्हाई म्हनलो असतो, तर मला बांध मागायची गरजच नव्हती. कशाला मागू? वेस वाचली हुती."

तात्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मी आयुष्यात कुणाला कुणाकडे असं बघताना पाहिलेलं नाही. सुनीलचं इंजिन वेशीच्या आत धडधडत होतं. तो सीटवरून ओरडला, "तात्या, मी काय करू? घालू का वेशीत?"

त्याने इंजिनाचा आवाज वाढवला.

"अजिनाथ," झुंबरबाई देवडीतून म्हणाली, आवाज न चढवता. "मुलान्यानं सोताच्या तोंडानं सांगितलंय. तू असतास तर सांगितलं असतंस का?"

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सुनीलला हात केला. "मागं फिरव. बांधावरनं ने. ऊस तुडवला जाईल तर जाऊ दे. ह्या हंगामापुरती वेस ऱ्हाऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

पोरांना काय करावं कळेना. ओरडायचं का, ते कळेना. मी परवेझचा हात धरायला पुढे झालो तेवढ्यात तात्या त्याला म्हणाले,

"बांध घे. चावी ठेव."

परवेझला लगेच समजलं नसावं. किंवा समजलं असेल.

"माझी ट्रॉली चेपलीस, ते जाऊ दे," तात्या म्हणाले. "चार लोकांत माझ्या बांधाचा विषय काढलास. उद्यापासनं येऊ नको."

परवेझने खिशातून चावी काढली. बडीशेपेची पुडी तिच्यासोबत बाहेर आली, ती त्याने परत ठेवली. चावी तात्यांच्या तळहातावर ठेवली. तात्यांनी पुतण्याला हाक मारली आणि त्याला ट्रॅक्टरवर चढवलं. पहिली खेप कारखान्याकडे निघाली.

सुनीलला बांधावरची वाट माहीत नव्हती. कालव्याच्या पाझराने कुठे जमीन मऊ आहे, कुठे चाक खचेल, हे त्याला कोण सांगणार? परवेझ त्याच्या ट्रॅक्टरपुढे चालू लागला. हाताने दाखवत. इकडून. थांब. आता इकडून. तात्यांचा ऊस दोन्ही बाजूंना मोडत होता. तात्या वेशीत उभे राहून ते बघत होते. त्यांनी कुणाला थांबवलं नाही.

आता परवेझ नागापूरच्या एमआयडीसीत क्रेन चालवतो. रविवारी गावी येतो. आम्ही तो सरकलेला दगड चुन्यात पुन्हा बसवला तेव्हा आला होता. आमच्यातले दोघे अजून त्याच्याशी बोलत नाहीत. त्यांना तो वेस हरला एवढंच दिसतं. बांधाचं वर्ष संपत आलंय. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. तात्या काय म्हणतील कुणालाच माहीत नाही.

परवा एसटीची वाट बघताना मी त्याला विचारलंच. तेव्हा बांधाचं आधीपासून मनात होतं का? ते ठरवून बोललास का?

"न्हाई," तो म्हणाला. "बांध तोंडात आला तवा चावी जाईल एवढं ठावं हुतं."