दहा मिनिटांचा थांबा

कारखान्याच्या फाटकात ट्रक शिरला, त्याचा नंबर पडद्यावर उमटला आणि तिकडे गोदामात त्याचा माल आपोआप दाराकडे सरकू लागला. मी थक्क होऊन पाहत राहिले. हेच आवार आमचे हे शिट्टी वाजवून सांभाळायचे. ते गेल्यावर त्यांचा डबा न्यायला मी आले होते. त्यांचं इथे काही उरलं असेल का, एवढंच मनात होतं.

पडद्यावर आलं, ‘दार चार, दहा मिनिटांनी.’

"दार तर रिकामं आहे," मी म्हणाले.

"तुमच्या साहेबांचाच हट्ट, वहिनी," पडद्यापाशी बसलेले शिंदे हसले. "यंत्रणा बसवताना अडून बसले. लांबून आलेल्या ड्रायव्हरला आधी चहा, मग माल."

ड्रायव्हर नळावर तोंड धूत होता. एवढं मोठं गोदाम त्याच्या चहासाठी थांबलं होतं. डबा उराशी धरून मीही ती दहा मिनिटं थांबले.