दहा-अकराचा पाना

मंगरूळपीरच्या आसेगाव रोडवर रहीमभाईंचं गॅरेज आहे. त्यांची नमरा नागपूरला विमानदुरुस्तीचं शिकत होती. पोरगी पायलट होणार, असं मोहल्ल्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

रहीमभाईंना मात्र लायसनला इतकी वर्षं का लागतात, हे कळत नव्हतं. त्यांनी गाडीनं आठचा आकडा काढला होता आणि लायसन आलं होतं. नमरानं समजावलं, की आधी ढीगभर पेपर, मग जाणत्या इंजिनिअरच्या हाताखाली हँगरमध्ये काम, तेव्हा कुठं लायसन. त्यानंतर विमान दुरुस्त झाल्याची सही तिला करता येणार. तिचे सगळे पेपर निघाले होते, एक सोडून. दुरुस्ती करताना माणसाच्या हातून चुका कशा होतात, या विषयात ती दोनदा नापास झाली होती.

"मंग दुकानात बस," रहीमभाई म्हणाले. "त्याचं प्रॅक्टिकल अठी रोज असते."

सुट्टीत तिनं खरंच गॅरेज ताब्यात घेतलं. भिंतीवर फळी ठोकून प्रत्येक पान्याची आकृती रंगवली. हत्यार आपापल्या जागी आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा हँगरचा नियम गॅरेजला लागू झाला. आजवर मडगार्डवर, खिशात, कधी कानामागं हत्यार ठेवणारे रहीमभाई कुरकुरले. पण अन्वरीबी लेकीच्या बाजूनं होत्या.

एके दिवशी जगदेव इंगोलेंच्या हरीओमची वरात शिरपूरला निघाली, आणि नवरदेवाच्या जीपच्या पंख्याचा पट्टा गॅरेजपुढंच तुटला. रहीमभाईंनी झटक्यात नवा चढवला. नमरानं फळीकडं पाहिलं. दहा-अकराच्या पान्याची जागा रिकामी होती. तिनं जीपची चावी काढून घेतली.

रहीमभाईंना पक्कं आठवत होतं, की पाना त्यांनी बॅटरीवर ठेवला होता. तिथं तो नव्हता.

जगदेवराव शांतपणे म्हणाले, "पोरी, हे जीप हाय. उडनार हाय का हे?"

"पाना पंख्यात गेला तं उडनच, काका."

मग शोध सुरू झाला. फुलांचे हार झटकले, सीट उपसली. हरीओम फेटा सांभाळत जीपखाली वाकला. सकाळपासून त्याला कोणी पहिल्यांदाच काही काम दिलं होतं. बँडवाले कंटाळून वाजवायला लागले, तशा शोधायला आलेल्या दोन आत्या नाचायलाच लागल्या.

आवाज ऐकून अन्वरीबी बाहेर आल्या. कशाची शोधाशोध चालली आहे ते त्यांनी विचारलं, आत गेल्या आणि पाना घेऊन आल्या. सकाळी शिलाई मशीनचा नट ढिला झाला होता.

"अब्बा, मंग पट्टा कोनत्या पान्यानं बसवला?"

रहीमभाईंनी विचार केला. "बारा-तेराच्या."

"आन् हा बॅटरीवर ठेवलेला आठोते तुमाले?"

"आताबी आठोते."

नमरा कपाळाला हात लावून म्हणाली, "हे असंच पेपरात आलतं."

"मंग लिवलं काहून नाई?"

"मले वाटलं, असं कोनी करत नसन."

जीप सुटली. शिरपुरात लग्न उशिरा लागलं, वरण गार झालं, आणि मुलीकडच्यांना सगळं सांगता सांगता जगदेवरावांचा घसा बसला. नमरानं पुढच्या खेपेला तो पेपर काढला. काही वर्षांनी लायसनही आलं. आता ती सही करते, तेव्हा विमान सुटतं.

जगदेवराव ट्रॅक्टर अजून रहीमभाईंकडंच आणतात. फक्त आधी फोन करून विचारतात, पोरगी सुट्टीवर तर आलेली नाही ना.