गंगारामचा ट्रक घाटात का बंद पडायचा

“वयनी, ह्यो पन पंप गेला.”

“पंप गेला असता तर गाडी पोलादपूरवरून इथवर आली कशी? ढकलत आणलीत काय भावजी?”

गंगाराम हसला नाही. एरवी तो माझ्या तोंडाला तोंड देतो. त्याने ट्रक दुकानासमोर लावला, मागच्या चाकाखाली दगड सरकवला आणि बाकड्यावर बसला.

मी महाडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. शिक्षण चौथीपर्यंत. दुकान नवऱ्याचं, काम त्याच्याकडूनच शिकले. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता ही शटर ओढणार. मी ओढलं नाही. घरी बसून करायचं काय? मुलगी डोंबिवलीला असते, तिला वेळ मिळाला की फोन करते. दुकानात निदान गिऱ्हाईक तरी येतं आणि भांडतं.

गंगाराम माझ्या नवऱ्याचा दोस्त. पोलादपूरच्या वर डोंगरात त्याची वाडी आहे. त्याचा छोटा ट्रक जुना, पण डिझेलच्या टाकीत विजेवर चालणारा पंप असलेला. हा पंप टाकीतलं डिझेल पुढे इंजिनाकडे ढकलतो. तो ढिला पडला की इंजिन उपाशी राहतं आणि बंद पडतं. गंगारामची गाडी चढाला बंद पडायची. तीही फक्त माल भरलेला असताना. थोडा वेळ थांबलं की परत चालू.

“काय काय बदललंत?”

“फिल्टर बदलला. रिले बदलला. पंप दोनदा बदलला. मिस्त्री बोल्ला, आता टाकी बदला.”

“मग मिस्त्रीच बदला की.”

यावर तो थोडा हसला. मग खरं कारण बाहेर आलं. गेल्या आठवड्यात गाडी ऐन वळणावर धुक्यात बंद पडली होती. मागून एसटी आली, थोडक्यात वाचला. कुणीतरी ते मुंबईला त्याच्या मुलाला, नितीनला कळवलं. गाडीचे कागद नितीनच्या नावावर. नितीनने फोन करून सांगितलं, आबा, आता एकदा जरी गाडी थांबली तर भंगारात घालतो आणि तुम्हाला इकडे घेऊन येतो.

“पोरगा चुकीचं बोलत नाही,” मी म्हटलं.

“चुकीचं नाय. पन तिकडं मी काय करू? खोलीला एक खिडकी. खिडकीत बसलं की समोर दुसऱ्याची खिडकी.”

“इकडे तरी काय आहे? तुमच्या वाडीत चुली किती पेटतात?”

“कमीच. म्हणून तर गाडी पायजे. गाडी हाय म्हणून मी खाली उतरतो. सिमेंटवाला चार शब्द बोलतो, तू शिव्या देतेस. गाडी गेली की कुत्र्याशी बोलायचं.”

मी उठून टाकीखाली शिरले. 

आधी टेस्ट लॅम्प लावला. म्हणजे दोन वायरी जोडलेला बारका दिवा. पंपाच्या वायरीवर ठेवला की करंट येतो का ते कळतं. दिवा लागला. आधीच्या मिस्त्र्यांनी एवढंच बघितलं असणार. पण बारक्या दिव्याला करंट लागतो किती? नळाला थेंब येतो म्हणून हंडा भरतोच असं नाही. मी पंपाची वायर काढून तिथे हेडलाइटचा जुना बल्ब लावला. तो भरपूर करंट ओढतो. तोही लख्ख लागला.

“बग, हाय करंट,” गंगाराम वरून म्हणाला.

“दुकानात आहे. घाटात आहे का ते बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी तो सिमेंटच्या गोण्या भरून आला. मी पंपापासून दोन लांब वायरी काढल्या, फाळक्याला चिकटपट्टीने चिकटवत केबिनच्या खिडकीतून आत घेतल्या आणि मीटरला जोडल्या. मीटर मांडीवर ठेवलं. दुकान बंद करून त्याच्या शेजारी बसले.

“लोक काय बोलतील, वयनी?”

“बोलायला लोक राहिलेत कुठे? चला.”

पोलादपूरपर्यंत मीटर तेरा व्होल्टच्या वर होतं. गाडी चालू असताना एवढं हवं. पोलादपूर सोडलं आणि चढ लागला. गंगाराम रस्त्याकडेची घरं दाखवत होता. हे बंद. हे गणपतीला उघडतं. हे बांधलं त्याची खडी मी आणली, वास्तुशांतीला दोन दिवस राहिले, मग कुलूप. ह्या घरातला म्हातारा गेला, तेव्हा न्यायला माणसं खालून आणावी लागली. तो हे सगळं आवाज न चढवता सांगत होता, कंडक्टरने थांबे सांगावेत तसं. मी मीटरकडे बघत होते. मान वर केली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

एका वळणावर रस्ता फुटला होता. मागचं चाक खड्ड्यात गेलं, गाडी वाकडी झाली आणि मीटर एकदम अकरावर आलं. मग दहा. मग नऊ.

“आता बंद पडेल,” मी म्हटलं.

पडली. गंगारामने हँडब्रेक ओढला. मी उतरून चाकाला दगड लावला.

आता मुद्द्याचं. करंट बॅटरीच्या एका टोकातून निघतो, पंपात जातो, काम करतो आणि परत बॅटरीला येतो. जायची वायर सगळे बघतात. यायची वाट कुणी बघत नाही, कारण ती वायर थोड्या अंतरावर चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने आवळलेली असते आणि पुढची वाट म्हणजे चासीचं लोखंडच. तिला अर्थिंग म्हणतात. मी किल्ली चालू ठेवायला सांगितली. मीटरची एक वायर पंपाच्या अर्थिंगला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. साडेतीन दाखवत होतं. म्हणजे पंपाच्या वाट्याचा जोर यायच्या वाटेतच अडत होता.

टाकीमागे हात घातला. बोल्ट सापडला. बोल्ट, त्याखालची वायरीच्या टोकाची तांब्याची चकती, आजूबाजूची चासी, सगळं काळंभोर, तुळतुळीत.

“हा रंग कुणी दिला?”

“मीच. पासिंगला.”

पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला लायक आहे की नाही याची आरटीओची तपासणी. गाडी जुनी असली की आपले लोक पासिंगच्या आधी तिला नवरीसारखी रंगवतात. साहेबाला गंज दिसू नये म्हणून. बहुतेक जण वरवर ब्रश फिरवतात. गंगारामने तसं केलं नव्हतं.

“येक येक बोल्ट काढला,” तो अभिमानाने म्हणाला. “खालून पन रंग दिला. आपल्याकडचा पाऊस, गंज आतून येतो. सुकल्यावर परत आवळले.”

“भावजी, रंगातून करंट जात नाही.”

त्याने वाकून बोल्ट बघितला. मी पुढे सांगितलं. बोल्टच्या आट्यांतून थोडा करंट जात होता, म्हणून सपाटीवर गाडी चालायची. माल भरून खड्ड्यात गेली की चासी पिळते, जोड हलतो आणि तेवढीही वाट जाते. रंग कमी प्रेमाने दिला असता तर गाडी बंद पडली नसती.

बोल्ट काढला. पॉलिश पेपरने चासी घासली, पांढरं लोखंड दिसेपर्यंत. चकतीही घासली. कचकून आवळलं, वरून ग्रीस थापलं. आता मीटर शून्याच्या जवळ आलं. गाडी चालू केली आणि भरल्या गोण्यांनी वाडीपर्यंत गेलो. मीटर हललं नाही. तिथे गंगारामने कोरा चहा केला. दूध नव्हतं. आम्ही ओट्यावर बसून प्यायलो. सगळी वाडी समोर होती आणि कुणाची हाक आली नाही.

मग नितीन मुंबईहून मोटरसायकलवर आला. त्याने स्वतः माल भरून गाडी वर नेली, खाली आणली, पुन्हा नेली. एकदाही थांबली नाही. त्यानंतर तिघेजण माझ्या दुकानी आले. तिसऱ्या माणसाला मी ओळखत नव्हते.

“काकी, तुमच्या हाताला यश आहे,” नितीन म्हणाला. “भंगारात घालायला माझ्याही जिवावर आलं होतं. आता चालती गाडी म्हणून गिऱ्हाईक मिळालं. हे घेतायत. आबांना मी उद्या घेऊन जातो. एकटे पडलेत ते इथे.”

नितीन बापाची काळजीच करत होता.

गंगाराम त्या नव्या माणसाला टाकीमागे घेऊन गेला होता. वाकून बोल्ट दाखवत होता. “हितं रंग देऊ नको. कुनी कितीबी सांगूदे. पावसाआधी ग्रीस लाव फकस्त.”

मग माझ्याकडे आला.

“वयनी, येवडी चांगली कशाला केलीस गो?”

“मला वाईट करता येत नाही,” मी म्हटलं.

तो नितीनच्या मोटरसायकलवर मागे बसून गेला. वळून बघेल असं वाटलं होतं. पण मोटरसायकलवर वळून बघायला तरणं वय लागतं.

तेव्हा गाडी रंगवा, पण अर्थिंगच्या जागी लोखंड उघडं ठेवा. टेस्ट लॅम्प लागला म्हणून पंप बदलायला धावू नका. आणि एक माझ्यासाठी. हल्ली काम घ्यायच्या आधी मी विचारते, गाडी कुणाच्या नावावर आहे? उत्तर काहीही आलं तरी काम करतेच. पण विचारते.