आक्कासोबत आलेला माणूस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आई आणि दादा, आमचे वडील, दोघंही गेले. त्यांनाही खरं कळलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय? — मलाही नीट माहीत नाही.

आक्का माझी थोरली बहीण. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले. पोखर्णीजवळचं आमचं खेडं. घरी बसून अभ्यास करून ती बी.ए. झाली आणि अपंगांच्या जागेवर तिची कारकून म्हणून निवड झाली. कागद तपासायला परभणीला बोलावलं. सोबत मी — कॉलेज नुकतंच संपवलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. तुम्ही म्हणाल, शर्टाचं काय मधेच? पण मला त्या दिवशी शर्टाचंच पडलं होतं.

आक्कानं आदल्या संध्याकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. बाहेर जायचं म्हटलं की तिचं हे ठरलेलं. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

कचेरीत दुपार झाली, साहेब आले नव्हते. तिनं मला खाली वाकायला खुणावलं, लघवीला जायचंय म्हणाली. व्हीलचेअरचं चित्र लावलेला एक संडास होता. त्याला कुलूप, आणि खिडकीतून आत मोडक्या खुर्च्या दिसत होत्या. बायकांच्या संडासाला उंच पायऱ्या, दार अरुंद. तिची चाकाची खुर्ची आत जाणं शक्यच नव्हतं.

"दिलीप, मला उचलून आत ठेव. पुढं सरकत जाते मी."

"बायकांच्या संडासात मी कसा येऊ? थोडं धर ना, आक्का."

"सकाळपासून धरूनच हाय रे."

एखाद्या बाईला हाक मारता आली असती. दारात उभं राहून बाकीच्यांना जरा थांबा म्हणता आलं असतं. मी काय केलं? झेरॉक्स काढून आणतो म्हणालो — झेरॉक्स पिशवीतच होत्या — आणि निघून गेलो.

परत आलो तेव्हा — कसं सांगू — तिच्या खुर्चीखाली ओल पसरली होती. लोक पाय उचलून बाजूला होत होते. ती वाकून ओढणीनं, हात पोचेल तिथवर, फरशी पुसत होती. शिपाई ओरडला, "हिच्यासंगं कोन हाय?"

मी दारातच होतो, गर्दीत. आक्कानं मान वर केली. नजरानजर झाली. मी — मी खाली बघितलं.

"कोनी न्हाई," ती म्हणाली. "एकटीच आले मी."

मी बाहेर टपरीवर जाऊन चहा प्यालो. हो, सगळा प्यालो.

परतलो तोवर तिचं नाव पुकारून झालं होतं. ओल्या कपड्यांनी ती साहेबांपुढं गेली नव्हती. घरी दादांनी विचारलं तेव्हा ती बोलायच्या आत मीच म्हणालो, "नाव पुकारलं, पण हिनंच नको म्हणलं. भ्याली."

दादा पुढं कित्येक वर्षं तिला ऐकवत राहिले, हातातली नोकरी घालवली पोरीनं. ती मान खाली घालून गहू निवडायची. एकदाही माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर? मी तिलाच खोटं पाडणार होतो — काय बोलायचं तेही मनात ठरवून ठेवलं होतं.

त्यानंतर ती कुठं गेलीच नाही. घरातही पाणी घोट-घोटच. संडास अंगणाच्या टोकाला, आणि मी पाथरीला शाळेत नोकरीला. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप — सारखं चालायचं, ती लपवायची. शेवटी किडन्या निकामी झाल्या.

आता मी तिला परभणीला डायलिसिसला नेतो. तिथंही संडासाला पायऱ्याच. पहिल्या दिवशी मी तिला न विचारताच सगळ्यांसमोर उचललं, बायकांच्या दारापाशी नेलं, आतल्या बायांना जरा बाहेर यायची विनंती केली. त्या लगेच बाहेर आल्या. एकीनं तर दार धरून ठेवलं.

"खाली ठेव, दिलीप," आक्का म्हणाली. "आता लघवी होतच न्हाई मला."

मी तिला परत खुर्चीत बसवलं.