शेपटी नसलेलं विमान घेऊन हर्णेपर्यंत

सामान आलं ते असं: काळ्या फोमचे चार ताव, काळ्या रंगाचा एक डबा, बांबूच्या पातळ पट्ट्या आणि एक टॉर्च. सगळं मिळून आठशे चाळीस, वर दारात आणून द्यायचे साठ. त्यातून माझ्या बारावीतल्या लेकीने, शलाकाने, महिनाभर खपून काय केलं? तर बॉम्ब टाकणारं विमान. तेही शेपटीशिवाय. वटवाघूळ पंख पसरून पालथं पडावं तसं. देवघराशेजारच्या कपाटावर ठेवायला गेली, तेव्हा मी हातच जोडले. म्हटलं, बाई, दुसरीकडे ने ते.

दापोलीला विज्ञान प्रदर्शन होतं. हे मालवाहू जहाजावर असतात. त्यांनी फोनवरून जाहीर केलं, "पुण्याच्या पुढच्या फेरीला निवड झाली, तर विमानाच्या शिक्षणाला पुण्याला पाठवू. नाहीतर रत्नागिरीतच बी.कॉम." मी बी.कॉम.च्या बाजूची. पण पोरीला घेऊन जायचं कोणी? मीच. यांचं काय जातं समुद्रातून बोलायला!

माझा भाऊ बाळू त्याची जुनी व्हॅन घेऊन आला. पेट्रोल आमचं, गाडी त्याची, आणि बडबडही त्याचीच. शनिवारी सकाळी रत्नागिरीच्या मांडवीहून निघालो. या बाजूने जाणाऱ्यांसाठी सांगते, हायवेने चिपळूण, खेड करत जाता येतं. आम्ही किनाऱ्याने गेलो. रस्ता वळणावळणाचा आणि दोनदा फेरीबोट, पण डोळे निवतात. गणपतीपुळ्याला लवकर पोचलात तर दर्शन निवांत होतं. बाहेर चहा घेऊ नका, पाण्यासारखा असतो. मी थर्मास आणि दडपे पोहे घरूनच नेले होते.

जयगडला फेरीबोटीत व्हॅन चढवली. विमान शलाकाच्या मांडीवर. दोर ओढणारा खलाशी वाकून बघत म्हणाला, "मामी, शेपूट घरी विसरलात काय ह्याचं?"

बाळू खो खो हसला. शलाका चिडली. समोर बंदरात मोठं जहाज लागलं होतं, त्याच्या माथ्यावर एक आडवी पट्टी गरगर फिरत होती. "ते रडार," ती म्हणाली. "लहरी सोडतं. त्या कशावर तरी आपटून परत आल्या की कळतं, तिथे काहीतरी आहे. उभं शेपूट म्हणजे भिंतच. लहरी सरळ माघारी जाणार. म्हणून याला शेपूट नाही, कोपरे नाहीत, सगळा एकच पंख. लहर आली की भलतीकडे घसरते. उरलेली वरचा रंग पिऊन टाकतो. बॉम्ब पोटात, बाहेर टांगलेलं काही नाही. इंजिनाची तोंडं पाठीवर, म्हणजे खालून आच दिसत नाही."

"एवढं लपून जायचं कुठे?" बाळूने विचारलं.

"जिथे दुसरं विमान जाऊच शकत नाही तिथे. स्वतःच्याच देशातून उडायचं, वाटेत हवेतच इंधन घ्यायचं, शत्रूची रडारं आणि तोफा आधी मोडायच्या. मग बाकीची विमानं मागून येतात. यातून अणुबॉम्बही नेतात. पण मामा, खरं काम न वापरता होतं. समोरच्याला माहीत असतं, हे कधीही येऊन ठेपेल आणि आपल्याला दिसणार नाही. म्हणून तो आधी हात उचलत नाही."

मी मनात रामरक्षा म्हणत होते. अणुबॉम्बाचं नाव घेतल्यावर आणखी काय म्हणणार? "भीती घालायला एवढा खर्च?" मी विचारलं.

"खर्च तर विचारू नकोस आई. त्याच्या कातडीला ऊन-पाऊस सोसत नाही. वातानुकूलित शेडमध्ये ठेवतात."

आमच्या घरात पंखा आहे.

तवसाळ, गुहागर, मग धोपाव्याहून पुन्हा फेरीबोट, दाभोळ, आणि दुपार कलताना हर्णे. तिथे माझ्या नणंदेकडे, कुंदावन्सांकडे मुक्काम. म्हणजे लॉजचा खर्च नाही. भावोजींची मासेमारीची होडी आहे. संध्याकाळी समुद्राच्या पुळणीवर मासळीचा लिलाव बघितला. ढिगाभोवती एवढी ओरडाओरड, की भांडण चाललंय की सौदा तेच कळेना. वन्सांनी सुरमई तळली. माझा शनिवार. मी वरीचे तांदूळ खाल्ले आणि वास सोसला.

सकाळी शलाकाची किंकाळी ऐकून ओटीवर धावले. विमानाला शेपूट होतं! तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, घासून लखलखीत केलेलं, उभं ताठ शेपूट. वर हळदकुंकू, पुढे फोडलेला नारळ.

वन्सांच्या चेहऱ्यावर नुसतं कौतुक. "वैनी, एवढ्या लांबून आणलीत, वाटेत सुकाणू मोडलं असणार. पोर हिरमुसली असती, म्हणून ह्यांनी पहाटे उठून बसवलं."

भावोजी म्हणाले, "सुकाणूशिवाय कसं वळायचं गो बाय? आमची होडी पूजेशिवाय आणि सुकाणूशिवाय पाण्यात जात नाही."

"आतोबा, ते मोडलं नव्हतं! ते नव्हतंच!"

काढायला जावं, तर होडीच्या फटी बुजवायचा चिकट मसाला लावलेला. फोमच फाटायला लागला. मी शलाकाला बाजूला ओढलं, "गप्प बस. माणसं मायेने करतात."

"मायेनेच माझं बी.कॉम. झालं," ती म्हणाली, आणि विमान उचलून दापोलीला निघायला व्हॅनमध्ये जाऊन बसली. मला वन्सांचाही राग, भावोजींचाही, आणि बी.कॉम. शिक्षा असल्यासारखं बोलणाऱ्या हिचाही.

प्रदर्शनात शलाकाने काळं खोकं मांडलं होतं. आत विमान, समोरून टॉर्च, तोच रडार म्हणायचा. परीक्षक बाईंनी खोक्याच्या भोकाला डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर लख्ख दिसतंय."

मला वाटलं, आता पोर रडते. तिने खोक्यात हात घातला आणि तळव्याने तो पत्रा झाकला. "आता बघा."

"आता तुझा हात दिसतो, विमान नाही."

हात काढला. "आता?"

"चमकलं!"

"मॅडम, एवढ्याशा शेपटीने सगळं विमान सापडलं."

"मग शेपटीशिवाय ते वळतं कसं?" बाईंनी विचारलं. शलाकाने पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा हलवून दाखवल्या, संगणक क्षणोक्षणी तोल कसा सांभाळतो ते सांगितलं. बाईंनी तीनदा पत्रा झाकायला लावला. दुपारी फळ्यावर नावं लागली. पुण्याला दोघं, त्यात शलाका.

परतीच्या प्रवासात गाडीत बाळूच गात होता, एवढंच सांगते.

घरी येऊन यांना फोन लावला, तर म्हणतात, "अगं, मी आपलं गमतीत म्हटलं होतं. एकटी मुलगी पुण्याला कशी राहील?" महिनाभर पोर फोम कापत होती, ती गंमत? मी म्हटलं, "तुम्ही शब्द दिलात, मी ऐकला, देवानेही ऐकला. ती जाणार." आणि फोन ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा मी आधी ठेवला.

त्या विमानाबद्दल माझं मन अजून साफ नाही. माणसं मारायला एवढी बुद्धी लागते, याचं वाईटच वाटतं. ते कधी उडू नये, असं रोज दिवा लावताना म्हणते. पण बुद्धी माझ्या पोरीची आहे, आणि ती पत्र्यावर हात ठेवताना मी बघितली आहे.

तर पुण्यातल्या वाचकांनो, मुलींसाठी एखादी स्वच्छ, भाडं झेपेल अशी खोली, जवळ देऊळ आणि घरगुती डबा असेल, तर उलट टपाली कळवा. यांचं जहाज बंदराला लागायच्या आत.