चॅम्पियनकाकूंचा उरलेला सामना

चॅम्पियनकाकूंना बांगड्या भरायच्या म्हणजे आमच्या करडी गावच्या बाजारातल्या बांगड्यावालीला संकटच वाटायचं. डाव्या हाताचं माप उजव्याला चालायचंच नाही. उजवं मनगट एखाद्या गड्यासारखं रुंद, आणि दंड तर विचारूच नका! बांगड्यावाली दोन मापांच्या बांगड्या जुळवत कुरकुरायची, "बाई, देवानं तुमाले दोघींचे हात लावले का वो?" काकू ऐटीत डावा हात पुढे करायच्या. "हा देवानं देला." मग उजवा. "अन् हा मी केला." मी लहान होते. देवळात मूर्तीकडे बघावं तशी त्या हाताकडे बघत राहायचे. काकू जाऊन आता वर्ष होत आलं, तरी त्यांची आठवण निघाली की आधी तो हातच दिसतो.

काकू टेनिसच्या चॅम्पियन होत्या. गावच्या नव्हे हो, देशाच्या! त्यांचे वडील करडी सोडून नागपूरला गेले आणि एका क्लबात मैदानावर पाणी मारायला, रूळ फिरवायला लागले. मेंबर लोक घरी गेले की ही पोर टाकून दिलेल्या रॅकेटने भिंतीवर चेंडू बडवायची. एका म्हाताऱ्या मेंबराने ते पाहिलं आणि तिला आत खेळायला घेतलं. मग काय, जिल्हा जिंकला, राज्य जिंकलं, देश जिंकला. मैदानाला पाणी मारणाऱ्याची मुलगी, आणि तिचा फोटो पेपरात!

पुढच्याच वर्षी पुन्हा त्या अंतिम सामन्यात पोचल्या. समोर पुण्याच्या एक बाई होत्या. काकू पुढे होत्या, जिंकतच आल्या होत्या, आणि गुडघा फिरला. उचलून न्यावं लागलं. कप पुण्याला गेला आणि काकूंचं मोठं टेनिस तिथेच थांबलं. नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि वडिलांच्या गावी राहायला आल्या. "काकू, तो सामना तुमी हरल्या का?" असं मी एकदा विचारलं. "हरली कुठं? जिंकली बी नाही. तो संपलाच नाही ना पोरी." एवढं एकच त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं.

धानाची मळणी आटोपली की आमच्याकडे खळी रिकामी पडतात. काकूंनी आपलं खळं शेणमातीने सारवलं, चुन्याच्या रेघा ओढल्या आणि आम्हा पोरींना बोलावलं. खळ्यावर चप्पल घालून जायची रीत नाही, म्हणून आम्ही टेनिस शिकलो ते अनवाणी. त्यांचं एकच पालुपद असायचं, "पाय आधी, हात मंग!" चेंडूपर्यंत पोचलाच नाहीत तर मारणार काय? "रॅकेट कायले नाचवून राहिली? पाय हालव!" हे गावात इतकं पसरलं की कोणाची बस चुकली तरी लोक म्हणायचे, पाय आधी! साठीला टेकलेली ही बाई आम्हा चौघींना एकटी पळवून पळवून रडकुंडीला आणायची.

आणि मग नागपूरच्या एका क्लबाने जुन्या खेळाडूंचे सामने ठेवले. पुण्याच्या बाईही येणार होत्या, आणि त्यांची गाठ काकूंशीच होती. काकू सकाळ-संध्याकाळ गुडघा शेकू लागल्या. मी चिडले. "काकू, गुडघा पुन्हा गेला तं? काहून जीव धोक्यात घालता?" त्या म्हणाल्या, "गेला तं गेला. शेवटच्या पॉइंटपर्यंत उभी राहिली पाहिजे, बस. मंग हरू दे की जिंकू दे."

आम्ही गाडी करून निघालो. सोबत सोनबाजी होते, गावातले शंकरपटाचे दर्दी. बैलांच्या शर्यतीत आपली जोडी शेवटच्या दोरीजवळ आली की सोनबाजींची आरोळी शिवारभर ऐकू जायची. न ओरडणारा माणूस आपला नाही, असा त्यांचा हिशेब. टेनिसमध्ये चेंडू खेळात असताना चूप बसायचं असतं, हे त्यांना सांगायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

काकू काय खेळल्या म्हणून सांगू! अवो माय! जाड पट्टा बांधलेला गुडघा, केस पांढरे, आणि चेंडू असा रेघेवर पडायचा की समोरच्या बाई स्वतःच मान हलवून दाद द्यायच्या. खेळ अगदी काठावर आला. आता एक पॉइंट मिळाला की काकू जिंकणार होत्या. सर्व्हिस पुण्याच्या बाईंची. पहिली जाळीत गेली. दुसरीही चुकली तर संपलं. बाईंनी चेंडू वर फेकला आणि सोनबाजी उठून गरजले, "हाऽऽन! आली रे आली!" बाई दचकल्या, चेंडू बाहेर. पंचांनी काकू जिंकल्याचं जाहीर केलं. आम्ही नाचायला लागलो.

काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. रॅकेट वर करून पंचांना म्हणाल्या, "हा पॉइंट मी घेत नाही. बाईंना पुन्हा दोन्ही सर्व्हिस द्या." पंच म्हणाले, प्रेक्षकांच्या ओरडण्याला आम्ही काय करणार? काकू म्हणाल्या, "तुम्ही काही करू नका. मी खेळते." पुण्याच्या बाईंनी आधी नको नको म्हटलं, मग डोळे पुसले आणि सर्व्हिस केली. तो पॉइंट त्यांनी जिंकला. पुढचाही. काकू लंगडायला लागल्या, तरी प्रत्येक चेंडूमागे धावल्या. शेवटचा चेंडू त्यांच्या रॅकेटला लागून जाळीत पडला आणि त्या हरल्या. जाळीपाशी दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडल्या.

आम्ही परत निघालो. गाडीत सोनबाजी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेऊन बसले होते. माझ्या तर अंगाचा भडका उडाला होता. "काकू, हातातलं काहून देऊन टाकलं? एवढी वर्षं तुमी याचीच वाट पाहून राहिल्या होत्या ना?"

काकूंनी सुजलेला पाय समोरच्या सीटवर नीट ठेवला. "याचीच पाहत होती. मी हरली पोरी. पुरी हरली. पायावर उभी राहून हरली." असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता की माझा राग कुठच्या कुठे गेला. मग त्यांनी मागे वळून सोनबाजींच्या तोंडावरचा दुपट्टा ओढला.

"सोनबाजी, काहून गप्प बसले? ओरडा ना आता. सामना संपला."